आत्यानं न वाजवलेली घंटा

पुंजाराम महाराजांचा फोन आला तेव्हा आशाबाई कुकरशी भांडत होती. त्या कुकरचं झाकण एका दमात कधी बसलं नाही आणि शिट्टी त्याच्या मनात आलं तरच व्हायची. टाकून दुसरा घ्यावा म्हटलं की नवरा, रामकिसन, अंगावर यायचा, “आत्याचं बक्षीस आहे ते!” त्यामुळं सिडकोतल्या त्या घरात कित्येक वर्षं तुरीची डाळ आत्याच्या नावानं अर्धी कच्ची खाल्ली जात होती.

“रामकृष्ण हरी, आशाताई,” महाराज म्हणाले.

आशाबाईनं ओल्या हातानंच डोक्यावर पदर घेतला. महाराजांना फोनातून दिसणार नव्हतं, पण पदर घेतल्याशिवाय तिला त्यांच्याशी बोलता येईना. “रामकृष्ण हरी, महाराज. बोला.”

“येत्या गुरुवारी आपल्या मनकर्णाआत्यांचं वर्षश्राद्ध. तात्यासाहेबांनी कीर्तनाची सेवा माझ्याकडं दिलीय. म्हटलं, आत्यांचा तो टीव्हीचा प्रसंग घ्यावा. तर तुमच्या घरच्या तिघांना विचारलं आणि तीन निराळे टीव्ही निघाले बघा.”

“तीन नाही महाराज, चार. चौथा माझ्याकडं आहे आणि खरा तेवढाच आहे.”

“मग तोच सांगा की.”

आशाबाईनं गॅस बंद केला, दम घेतला, आणि नेमकी तेव्हाच महाराजांची जीप वेरूळच्या घाटात शिरली. “हॅलो... आवाज...” एवढं ऐकू आलं आणि पुढं नुसती खरखर. तिनं परत लावला, परत लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. आशाबाईला वाटलं, या घराण्यात आपणही लग्न झाल्यापासून तिथंच आहोत.

मनकर्णाआत्या म्हणजे रामकिसनच्या वडिलांची धाकटी बहीण. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती पाळण्यात होती. लग्न लवकर झालं, त्याहून लवकर मोडलं. नवरा गेला आणि ती देवगाव रंगारीला माहेरी परतली. पुढं भावजय गेली, मागं तीन लेकरं ठेवून. थोरले तात्यासाहेब, मधली साळूबाई, धाकटा रामकिसन. तिघांची नाकं आत्यानं पुसली, तिघांची लग्नं आत्यानं उभी केली. रामकिसनला चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तशी ती त्याच्यासोबत शहरात आली. आशाबाई लग्न होऊन आली ती तिच्याच हाताखाली. आत्या तिला सासूपेक्षा कडक धाकात ठेवायची आणि आईपेक्षा जास्त लाड करायची. दोन्ही एकाच दिवसात, कधी कधी एकाच भाकरीवर.

आणि कीर्तन! कीर्तनाचं आत्याला वेडच होतं. गुलमंडीच्या देवळात असो की मुकुंदवाडीच्या मांडवात, टाळ वाजला की आत्या पुढच्या रांगेत. मांडी घालायची, हात जोडायचे, आणि महाराजांच्या तोंडाकडं असं बघायचं की जणू देव पहिल्यांदाच खांबातून बाहेर येणार आहे. ती कथा तिनं किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. तरी महाराजांनी विचारलं, “मग ते लेकरू बापाला काय म्हणालं?” की आत्या डोळे मोठे करून वाट बघायची. एकदा आशाबाईनं शेजारी बसल्या बसल्या हळूच उत्तर पुटपुटलं, तर आत्यानं तिच्या मांडीला चिमटा काढला.

“अगं, महाराज इचारत्यात ते उत्तरासाठी नाय. कथेला गोडी येती त्यानं. मधीच आपण बोललो म्हंजी त्यांच्या ताटातला घास आपणच खाल्ल्यावानी व्हतं.”

देवगावात ही रीत फार कडक. तिथल्या फकिरानं तरुणपणी एकदा ती मोडली होती. महाराजांनी विचारलं, “मग देव काय म्हणाले?” आणि फकिरा मागून खणखणीत आवाजात उत्तर देऊन मोकळा झाला. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘फकिरामहाराज’ पडलं. आता त्याचे केस पांढरे झाले, नातवंडं शाळेत जातात, तरी न्हाव्याच्या दुकानात शिरला की कुणीतरी म्हणतंच, “या महाराज, आज कंचा अभंग?”

एवढं समजलं म्हणजे टीव्हीचं समजलं. पण समजून कुणाला घ्यायचं होतं!

एका वाहिनीचा ‘वाजवा घंटा’ नावाचा खेळ तेव्हा गावोगाव फिरत होता. शहरात आला तो जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. सासू-सुनांच्या जोड्या, मधे पितळेची एक मोठी घंटा, जी जोडी आधी वाजवील तिनं उत्तर द्यायचं. रामकिसननं हौसेनं दोघींची नावं दिली. आत्या आधी तयार होईना. मग घंटा आहे असं ऐकलं आणि देवळासारखंच काहीतरी असेल म्हणून नवी इरकल नेसून निघाली.

आशाबाईनं सुरुवातीला धडाधड उत्तरं दिली. पुरणाचं विचारलं, पिकांचं विचारलं, बीबी का मकबऱ्याचं विचारलं. समोर जालन्याची जोडी होती, तीही काही कमी नव्हती. शेवटच्या प्रश्नावर येऊन सगळं अडलं. ज्यांनी त्याचं उत्तर दिलं त्यांचा फ्रिज. आणि नियम असा, की शेवटच्या फेरीत घंटा सासूनंच वाजवायची, बोलायचंही सासूनंच. सून बोलली की जोडी बाद.

प्रश्न विचारणारा पोरगा कोवळा, गोड गळ्याचा. धोतर नेसून आला होता. समोर आत्याच्या कपाळावरचा बुक्का त्यानं बघितला असावा. तो दोन पावलं पुढं आला, हात पसरले आणि अगदी आळवून बोलायला लागला: “आईबापांच्या सेवेत रमलेला एक भक्त. साक्षात परमात्मा दारात आलाय. आणि हा म्हणतो, थांब! माझी सेवा व्हायचीय. हाताला आली ती वीट फेकली, आणि देव त्या विटेवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, युगं झाली तरी उभाच आहे. असा देवालाच उभा करणारा तो भक्त... कोण?”

आशाबाई जागेवरच सरसावून बसली. फ्रिज आलाच! पुंडलिक! कीर्तन सुरू होतं पुंडलिकाच्या नावानं, संपतं पुंडलिकाच्या नावानं. आत्या शिंकली तरी पुंडलिक वरदा म्हणायची. तिनं आत्याकडं बघितलं.

आत्यानं हात जोडले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठांवर हसू होतं. ती त्या पोराच्या तोंडाकडं बघत बसली होती.

आशाबाईनं कोपरानं ढोसलं. आत्या हलली नाही. परत ढोसलं. आत्यानं नुसतं ‘श्शू’ केलं. तेवढ्यात जालन्याच्या सासूनं घंटा वाजवली आणि ‘रुक्मिणी’ म्हणून सांगितलं. चूक. पोरगा आत्याकडं वळला, “आजी, तुम्हाला संधी आहे. सांगताय ना?”

“तुमीच सांगा, महाराज,” आत्या म्हणाली. “तुमच्या तोंडून लई गोड वाटतं.”

वेळ संपली. पोरगा म्हणाला, “भक्त पुंडलिक!” आणि आत्यानं दोन्ही हात वर करून असा काही ‘पुंडलिक वरदा’ पुकारला की सगळं मंगल कार्यालय ‘हरी विठ्ठल’ करून उठलं. फोटो काढणारे उठले, जालन्याची सासू उठली. उत्तर कुणाचंच नाही, मग गुण मोजले; जालन्याचे जास्त होते. फ्रिज जालन्याला गेला. आत्याच्या हातात कुकर आला आणि तो छातीशी धरून ती अशी बाहेर आली, जसा काही काल्याचा प्रसाद मिळालाय.

रिक्षात आशाबाईचा बांध फुटला. “आत्या, पुंडलिक! तुम्हाला पुंडलिक येत नव्हता?”

“न यायला काय झालं?”

“मग घंटा का नाही वाजवली?”

आत्यानं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही एखाद्या लेकरानं देवासमोर जांभई दिलीय. “अगं, तो येवढं रंगून सांगत व्हता. मी मधीच उठून घंटा बडवू? बरं दिसतं का ते?”

झालं. एवढंच. याच्या पुढं काही नाही, मागं काही नाही.

पण टीव्हीवर दाखवताना आत्याचं “तुमीच सांगा, महाराज” त्यांनी कापून टाकलं. उरलं काय? हात जोडून गप बसलेली आत्या, तिला कोपर मारणारी आशाबाई, आणि हरल्यावर जयजयकार करणारी आत्या. देवगावात पारावर टीव्ही लावून बघितलं होतं सगळ्यांनी. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं: जन्मभर कीर्तनं ऐकली आणि मनकर्णीला पुंडलिक सांगता आला नाही. गुलमंडीवर कापडाच्या दुकानातले गयासभाई, ज्यांच्याकडून आत्या दर दिवाळीला लुगडं घ्यायची, तेसुद्धा म्हणाले, “खाला, पुंडलिक तो मेरेकू बी मालूम था!” आत्या खळखळून हसली. “म्हंजी बगा, चांगलाच परसिद्ध हाय तो,” म्हणाली आणि लुगड्याचा काठ बघायला लागली.

तिला त्याचं काहीच नव्हतं. त्रास झाला तो तिच्या लेकरांना, आणि त्यांनी आपापल्या परीनं आत्याची अब्रू झाकायला घेतली. रामकिसन म्हणे, घंटेचा लोलकच बांधून ठेवला होता, टीव्हीवाले जालन्याला मिळालेले होते. तात्यासाहेब म्हणत, आत्यानं त्याग केला. समोरच्या बाईला फ्रिजची गरज आहे हे तिनं ओळखलं. आणि साळूबाईचं सगळ्यात सोपं: आशानं कोपर मारलं म्हणून आत्या बावचळली, नाहीतर फ्रिज आपलाच होता. लग्न, बारसं, मुंज, अगदी आत्याच्या तेराव्यालासुद्धा हे तीन खेळ लागायचे. आशाबाई खरं सांगायला गेली की तिघंही एकदम म्हणायचे, “असं कुठं असतं व्हय!”

आणि आता महाराज ते कीर्तनात घेणार. कीर्तनात आलं म्हणजे संपलं. देवगावात माणसं कागदावरचं विसरतील, पण महाराजांनी उभ्यानं सांगितलेलं पिढ्यानपिढ्या खरं. गुरुवारी जी आत्या सांगितली जाईल, तीच पुढं राहणार. आशाबाईला फसवली गेलेली आत्या नको होती, फ्रिजचा त्याग करणारी नको होती आणि बावचळलेली तर मुळीच नको होती. तिला तिची आत्या पाहिजे होती.

रविवारी बैठक आशाबाईच्याच घरी भरली, कारण साळूबाईंना मोंढ्यातून किराणा न्यायचा होता आणि तात्यासाहेबांना डोळे दाखवायचे होते. बुंदी किती, आचारी कोण, हे ठरेपर्यंत चहा दोनदा झाला. मग तात्यासाहेबांनी गुडघ्यावर थाप मारली.

“टीव्हीचं मी महाराजांना पक्कं सांगून टाकतो. त्याग. कीर्तनात त्यागच शोभतो.”

“त्याग कसला, दादा? लोलक बांधला होता. मी डोळ्यानं बघितलं,” रामकिसन म्हणाला.

“तुम्ही बाहेर पानटपरीवर होता,” आशाबाई चहाचे कप गोळा करत म्हणाली.

“तू गप गं. तुझ्या कोपरानं तर सगळा घोळ झाला,” साळूबाई म्हणाल्या.

“वन्सं, कोपर मी वाजवा म्हणून मारलं!”

“मारलं ना? मग झालं!”

आशाबाईनं कप जमिनीवर ठेवले आणि पदर खोचला. “आत्यांना उत्तर येत होतं. त्या वाट बघत होत्या, त्यानं सांगावं म्हणून. त्याला त्या कीर्तनकार समजल्या. तुमच्यासमोर मी हे किती वेळा सांगितलं?”

“असं कुठं असतं व्हय?” तात्यासाहेब म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, समजावणीच्या सुरात, “आशाबाई, समजा असंल बी. पण असं गावासमोर सांगायचं? लोक काय म्हणतील? समोर फ्रिज, तोंडात उत्तर, आन् बाई हात जोडून बसली. येडी ठरंल आत्या. कुणी शहाणा माणूस असं करंल का?”

“मी नसतं केलं,” रामकिसन म्हणाला.

“मी तर नाहीच,” साळूबाई म्हणाल्या.

“मग मी कीर्तनात उभी राहून सांगीन,” आशाबाई म्हणाली.

तिघंही दचकले. तात्यासाहेबांनी टोपी काढली आणि परत घातली. “कीर्तनात? मधी? फकिराचं काय झालं ठावं हाय ना? आशामहाराज म्हणतील तुम्हाला. मरंपर्यंत.”

“म्हणू द्या.”

म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात तिला भाजीत मीठ किती पडलं तेही कळेना. महाराजांना तिनं दोनदा फोन लावला. एकदा ते कीर्तनात होते, एकदा त्यांच्या फोनवर त्यांचा नातू गेम खेळत होता आणि त्यानं तिचं ऐकून न घेताच तो कापला.

गुरुवारी देवगावात तात्यासाहेबांच्या खळ्यात मांडव पडला. आत्याचा फोटो पाटावर, समोर तुळस, बुक्का, तिची ती जुनी माळ. सकाळचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं आणि पलीकडच्या चुलाणावरून बुंदीचा वास. सगळा गाव लोटला होता. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. म्हातारा फकिरा मांडवाच्या मेढीला टेकून बसला होता. त्यानं सवयीनं तोंडावर उपरणं धरलं होतं. आशाबाई बायांच्या पुढच्या रांगेत, आत्याच्या जागी बसली. महाराज चुकीचा शब्द टाकतील तिथं उठायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पुंजाराम महाराजांनी वीणेला हात लावला, अभंग झाला, टाळकऱ्यांनी चाल धरली, पखवाज बोलायला लागला, आणि आशाबाईच्या डोक्यातलं अर्धं भांडण तिथंच विरघळलं. कीर्तन असंच असतं; आपण काय घेऊन आलो होतो ते पहिल्या गजरात हातातून सुटतं. महाराजांनी पुंडलिक लावला. घरात म्हातारे आईबाप, त्यांचे चेपून चेपून लाल झालेले पाय, दारात आलेला देव, ती वीट. बाया डोळे पुसत होत्या. मग महाराज हळूच आत्यावर आले. आपल्या गावची लेक, पोरक्या लेकरांची आई. ती टीव्हीच्या दिव्यांसमोर बसलीय. समोर तो पोरगा. त्यानं विचारलं, देवाला विटेवर उभा करणारा भक्त कोण?

महाराजांनी चिपळ्या थांबवल्या. “तेव्हा आपल्या मनकर्णाबाई त्याला काय म्हणाल्या?”

हीच जागा. आशाबाईनं उठण्यासाठी तळवा जमिनीवर टेकवला.

म्हणजे तिला वाटलं की टेकवला. बघितलं तर तिचे दोन्ही हात जोडलेले होते.

महाराज थांबले होते. मांडव थांबला होता. टाळकऱ्यांना वाटलं गजर घ्यायचाय, त्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ उचललं. महाराजांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “नाही, नाही. मी विचारतोय. काय म्हणाल्या?”

सगळे गोड हसले. महाराज आज रंगात आहेत!

“अहो, खरंच विचारतोय मी!” महाराजांच्या कपाळावर घाम आला होता. “मला तिघांनी तीन सांगितलंय. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. घरची माणसं इथं बसलीत. सांगा कुणीतरी, म्हणजे पुढं जाऊ.”

लोक आणखीच खूश झाले. मागून कुणीतरी “वा!” म्हणालं. आशाबाईच्या जिभेवर उत्तर होतं, कित्येक वर्षं होतं, झिजून गुळगुळीत झालं होतं; आणि ती महाराजांच्या तोंडाकडं बघत बसली होती. तिला स्वतःचाच राग आला. ऊठ की बाई! बोल की! पण ते इतकं गोड विचारत होते, आणि मधेच बोलायचं म्हणजे... बरं दिसतं का ते?

हे शेवटचं तिच्या मनात आलं ते आत्याच्या आवाजात.

महाराजांनी शेवटी बोट दाखवलं. “तात्यासाहेब, तुम्ही थोरले. बोला.”

तात्यासाहेबांच्या खिशात त्याग तयार होता. आठवडाभर त्यांनी तो घोकला होता. सगळा गाव त्यांच्याकडं बघत होता. ते गुडघ्यावर अर्धे उठले, टोपी सरळ केली, चेहरा एकदम मऊ झाला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

“आपणच सांगा, महाराज. आपल्या मुखातनं लई गोड वाटतं.”

“हेच!”

आशाबाई उभी होती. कधी उठली ते तिलाही कळलं नाही. पदर खांद्यावर, बोट तात्यासाहेबांकडं. “हेच म्हणाल्या आत्या! शब्द न् शब्द हेच! ‘तुमीच सांगा, महाराज. तुमच्या तोंडून लई गोड वाटतं.’ अहो, कित्येक वर्षं माझा घसा बसला सांगून सांगून! असं कुठं असतं म्हणता ना? हे असं असतं! समोर महाराज, तोंडात उत्तर, आणि हात जोडून बसलाय! कोण शहाणा माणूस असं करील, म्हणाला होता ना, तात्यासाहेब?”

तात्यासाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले, ना वर ना खाली. रामकिसननं आपले जोडलेले हात बघितले आणि पटकन मांडीखाली घातले. साळूबाईंनी नाकाला पदर लावला.

मेढीपाशी फकिरानं तोंडावरचं उपरणं काढलं. “बोल गं पोरी,” तो म्हणाला. “बोल. म्या हाय.”

त्याला सगळा मांडव हसला, पण ते हसणं आजवरच्यासारखं नव्हतं.

पुंजाराम महाराज हसत नव्हते. त्यांनी चिपळ्या काखेत धरल्या आणि आत्याच्या फोटोकडं वळून हात जोडले. मग मांडवाकडं वळून म्हणाले, “तो पोरगा सांगत होता की देव दारात थांबला. आणि ऐकणारी बाई थांबली. फ्रिज दारात उभा, तरी थांबली. अहो, मी उभा जन्म कीर्तन करतोय. असा श्रोता मला मिळावा म्हणून मी पांडुरंगाला रोज विनवतो, आणि तुम्ही तिला उत्तर आलं नाही म्हणून हसलात?” मग त्यांनी चिपळ्या पुन्हा हातात घेतल्या. “बोला...”

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. ‘पुंडलिक वरदा’ असा उठला की मांडवावरचं कापड हललं. आशाबाई उभ्यानंच रडली. आत्याचे दोन्ही हात वर गेलेले तिला दिसत होते, आणि छातीशी धरलेला तो निकामी कुकर.

पंगत बसली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. पदर खोचून ती वरणाची बादली घेऊन निघाली. मोठ्या पातेल्यातलं वरण, डाळ कशी छान शिजलेली. पहिल्याच वळणावर साळूबाईंनी तिचं मनगट धरलं.

“पटलं बाई तुझं. पण कोपर तू मारलंच ना?”

“मारलं, वन्सं! दोनदा मारलं! बरगडीत मारलं!”

“तेच म्हणते मी,” साळूबाई समाधानानं म्हणाल्या आणि भातात आळं केलं.

पुढं रामकिसन शेजारच्या पाहुण्याला सांगत होता की बाकी सगळं खरं, तरी लोलकाचं काहीतरी होतंच. आशाबाईनं दात आवळले आणि पुढं गेली. पुरुषांच्या पंगतीच्या टोकाला तात्यासाहेब बसले होते. सोयगावच्या व्याह्यांकडं झुकून, आवाज खाली आणून, गंभीरपणानं समजावत होते.

“आवो, म्या मुद्दाम तसं बोललो. सगळं ठरवून. नाहीतर महाराजांना आत्याचं मोठेपण कळलं असतं का? आशाबाईला बी कुणी इचारलं नसतं.”

व्याह्यांनी मान डोलावली. पुढच्या लग्नात हा पाचवा टीव्ही लागणार, हे आशाबाईला तिथंच दिसलं. तिनं बोलायला तोंड उघडलं. समोर पाटावर आत्याचा फोटो होता, हारामागून अर्धा दिसणारा. आत्या वाट बघितल्यासारखी हसत होती.

आशाबाईनं तोंड मिटलं आणि पळी भरून वरण तात्यासाहेबांच्या पानात सोडलं. मग दुसरी पळी. मग तिसरी.

“बास, बास! आवो आशाबाई, किती वाढता? कशापायी हे?”

आशाबाईनं चौथी पळी सोडली, आणि वरण बुंदीपर्यंत पोचलेलं बघून पुढच्या पानाकडं गेली.